दृष्टी पूर्ण गेलेल्या माणसाच्या शरीराला दिवस-रात्र कळते का?

हो, अनेकांच्या बाबतीत कळते, पण डोळ्याचा पडदा आणि त्यामागची नस काही अंशी तरी शाबूत हवी. पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या दंडाकार व शंक्वाकार पेशींखेरीज स्वतःहून उजेड ओळखणाऱ्या थोड्या चेतापेशीही असतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवले: इतर पेशींकडून येणारे संदेश औषधांनी अडवले, तरी या पेशी उजेडाला प्रतिसाद देतच राहिल्या. त्यांच्यातले मेलानॉप्सिन हे उजेड टिपणारे प्रथिन (आधी सापडले बेडकाच्या त्वचेत!) निळ्या उजेडाने जास्त उत्तेजित होते आणि संदेश थेट मेंदूतल्या जैविक घड्याळाकडे जातो. डोळेच काढावे लागले किंवा काचबिंदूने नस पार निकामी झाली, तर मात्र हा मार्ग उरत नाही. अशा अनेकांची झोपेची वेळ रोज थोडी थोडी सरकत जाते.