आजी मला ओळखत नाही, मग ती माझी आजी उरली का?

व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून हा अनुभव लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरातीलच, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली. तिने डॉन हर्ट्झफेल्ट यांचा ‘वर्ल्ड ऑफ टुमॉरो’ हा २०१५ सालचा ॲनिमेशन लघुपट पाहिला होता. त्यात लहानग्या एमिलीला भेटायला दूरच्या भविष्यातून तिचाच क्लोन येतो; मूळ एमिलीच्या आठवणी एका क्लोनमधून पुढच्या क्लोनमध्ये भरल्या गेलेल्या असतात. “आठवणी म्हणजेच माणूस असेल, तर मॅडम, माझी आजी आता कोण आहे? आणि उद्या माझंही असंच झालं तर?” असे विचारताना ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. मंगळवार पेठेतल्या तिच्या घरी आजींना तीन वर्षांपासून अल्झायमर आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले, कारण ते सोपे होते. उतारवयात होणारा अल्झायमर बहुतेक वेळा आजीकडून नातीकडे सरळ उतरत नाही. जोखीम थोडी वाढू शकते, पण ते ठरलेले भविष्य नव्हे. परीक्षेच्या दिवसांत तिचा होणारा विसराळूपणा अपुऱ्या झोपेचा होता.

पहिल्या प्रश्नासाठी मी तिला हेन्री मोलेसन यांच्याविषयी सांगितले. अपस्मारावर (फिट येण्याच्या आजारावर) १९५३ साली झालेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना नवीन प्रसंग लक्षात ठेवता येईनासे झाले. तरीही आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे काम मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्याकडून रोज करवून घेतले, तेव्हा आपण हे पूर्वी केले आहे याची आठवण नसतानाही त्यांचा हात दिवसागणिक सफाईदार होत गेला. स्मृती ही एकच कोठी नसते आणि एक दार बंद झाले म्हणून सगळे घर रिकामे होत नाही, हे तिला पटावे असे मला मनापासून वाटत होते. तिला स्वतःला तरी वर्षभराची असतानाचे काय आठवते? आजींनी पायांवर घेऊन घातलेली अंघोळ तिला आठवत नाही. ती तिच्या आईला आठवते, आणि तरीही ते बाळ तीच होती.

मग मी विचारले, “घरी गेल्यावर तू आजींशी पहिलं वाक्य काय बोलतेस?”

“‘मी कोण, ओळखलंस का?’ असं विचारते. रोजच.”

प्रेमापोटीच विचारला जाणारा हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो; पण रुग्णासाठी ती रोजची परीक्षा असते आणि त्यात नापास झाल्याची लाज, प्रश्न विसरल्यावरही, मनात रेंगाळू शकते. आजी काय उत्तर देतात, असे विचारल्यावर ती थबकली आणि म्हणाली, “‘कुणाची गं तू? जेवलीस का बाळ?’”

उत्तराचा दुसरा अर्धा भाग तिने आजवर ऐकलाच नव्हता. यापुढे आत शिरताच आपले नाव आपणच सांगावे आणि आजींच्या हातांना ठाऊक असलेले एखादे काम सोबत करावे, एवढेच आम्ही ठरवले.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत अंबाबाईच्या दिव्यासाठी वळलेल्या कापसाच्या वाती होत्या. बारीक, एकसारख्या आजींच्या आणि मधे चार जाडसर तिच्या. “हिचा हात अजून बसला नाही, असं आजी म्हणाली,” ती सांगत होती आणि एकेक वात माझ्या टेबलावर सरळ करून ठेवत होती.