वाचकांचे प्रश्न : पूर्वीचे पॉलिटेक्निक म्हणून विद्यापीठ दुय्यम ठरते का?

प्रश्न : माझ्या मुलीने महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात बी.एस्सी. केले असून इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठात जैवविज्ञानाच्या एम.एस्सी.साठी तिला प्रवेश मिळत आहे. नात्यातील काहीजण म्हणतात की हे मुळात पॉलिटेक्निक होते, १९९२ साली ते विद्यापीठ झाले, तेव्हा तेथील पदवीला वजन नाही. शैक्षणिक कर्ज काढावे लागणार असल्याने आम्ही संभ्रमात आहोत. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या नातेवाइकांनी सांगितलेला इतिहास खरा आहे, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही. १९९२ पर्यंत इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाच्या दोन वेगळ्या वाटा होत्या. विद्यापीठे स्वतःच्या नावाने पदवी देत, तर पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्यांना एका राष्ट्रीय परिषदेकडून पदवी मिळे. त्या वर्षीच्या कायद्याने हा भेद संपवला आणि तिसाहून अधिक पॉलिटेक्निकांना विद्यापीठाचा दर्जा व स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटले की दहावीनंतरचा डिप्लोमा डोळ्यांसमोर येतो, आणि गैरसमजाचे मूळ बहुधा तेथेच असावे. कारण इंग्लंडमधील या संस्था विद्यापीठ होण्याच्या कितीतरी आधीपासून पदवीचे शिक्षण देत होत्या.

पोर्ट्समथची घडण समजण्यासाठी ते शहर समजून घ्यावे लागते. दक्षिण किनाऱ्यावरील या शहराचा बहुतेक भाग एका बेटावर वसला आहे आणि ब्रिटिश आरमाराची गोदी हा शतकानुशतके त्याचा आधार राहिला आहे. गोदीला अभियंते हवे होते, रसायन जाणणारी माणसे हवी होती, नकाशे काढणारे हात हवे होते. १८६९ साली तेथे विज्ञान व कला शिकवणारी शाळा सुरू झाली, पुढे तिचे नगरपालिकेचे महाविद्यालय झाले, १९६९ मध्ये पॉलिटेक्निक आणि १९९२ मध्ये विद्यापीठ. सव्वाशे वर्षांच्या अध्यापनानंतर मिळालेल्या दर्जाला कोणी ‘कालचा’ म्हणत असेल, तर ते अन्यायाचे आहे.

बडोदेकराला तर हे सांगण्याचीही गरज पडू नये. १८९० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी कलाभवन स्थापले ते याच विचाराने, की राज्याला कारागिरी आणि शास्त्र एकत्र जाणणारी माणसे हवीत. रंगाई, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकवले जात. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हेच कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनले. त्या शाखेच्या पदवीला कोणी ‘ती तर पूर्वीची हुन्नरशाळा’ असे म्हणाले, तर आपल्याला ते रुचेल काय?

आता आपल्या मुलीच्या विषयाकडे येतो, कारण निर्णय तेथे व्हायला हवा. जपानमधील साकाई येथे प्लास्टिकच्या बाटल्यांच्या पुनर्वापराच्या जागी एक जिवाणू सापडला. पीईटी नावाचे प्लास्टिक, म्हणजे आपल्या पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक, हा जिवाणू पचवतो, असे २०१६ मध्ये जाहीर झाले. ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तो हे करतो, त्याची त्रिमितीय रचना पोर्ट्समथचे प्राध्यापक जॉन मॅकगीहन आणि अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेतील सहकारी अभ्यासत होते. निसर्गात वनस्पतींवरील मेणचट आवरण फोडणारे विकर असतात. हा नवा विकर त्यांच्यापासूनच उत्क्रांत झाला असावा, ही कल्पना तपासण्यासाठी त्यांनी त्यातील केवळ दोन अमिनो आम्ले, म्हणजे विकराचे घटक, बदलली आणि प्लास्टिक जिथे बसते ती त्याची खाच त्या जुन्या विकरांसारखी अरुंद केली. काम मंदावण्याऐवजी बदललेला विकर मूळ विकरापेक्षा प्लास्टिक थोडे अधिक चांगले फोडू लागला. २०१८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पुढे विद्यापीठात विकरांसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र उभे राहिले. पेट्रोरसायनांच्या कारखान्यांशेजारी वाढलेल्या आपल्या शहरातील जीवरसायनाच्या विद्यार्थिनीला यापेक्षा जवळचा विषय कोणता असेल?

परंतु प्रयोगशाळा नामांकित आहे म्हणून एका वर्षासाठी आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिच्यात जागा मिळतेच असे नाही. मुलीने विभागाला थेट पत्र लिहून विचारावे : प्रबंधाचे काम प्रत्यक्ष प्रयोगशाळेत होते की केवळ संगणकावर किंवा वाचनावर, विषय कोण ठरवतो, मार्गदर्शक कधी नेमला जातो. उत्तर नेमके आले तर जावे. मोघम आले, तर आपल्याच विद्यापीठात दोन वर्षांचे एम.एस्सी. करणे मी अधिक शहाणपणाचे मानीन, कारण कर्ज काढून घेतलेल्या वर्षात हाताला प्रयोगाचा सराव झाला नाही तर हप्ते तेवढे उरतात. १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा खर्च राज्याने उचलला होता. आजच्या पालकाला हा हिशेब स्वतः करावा लागतो.

आणखी एक सूचना. जाहिरातीत ‘अध्यापनात सुवर्ण दर्जा’ असे आपण वाचले असेल. पोर्ट्समथला २०२३ मध्ये तो मिळाला हे खरे, परंतु ते मूल्यमापन पदवीपूर्व, म्हणजे बी.एस्सी.सारख्या, शिक्षणाचे असते, एम.एस्सी.ला ते जसेच्या तसे लावू नये.

प्रश्न : पोर्ट्समथ हे सार्वजनिक विद्यापीठ आहे, तरी फी एवढी कशी? अलकापुरीतील सल्लागार म्हणतात की यापेक्षा कमी कोठेच नाही.
— एक वाचक, कारेलीबाग, बडोदे

उत्तर : तेथील सार्वजनिक विद्यापीठ सरकारी खात्यासारखे चालत नाही. ते स्वायत्त असते, त्याला काही सार्वजनिक निधी मिळतो आणि नियामक संस्थेची त्यावर देखरेख असते. तरी खर्चाचा मोठा भाग फीमधूनच भागवावा लागतो. सरकारने घातलेली फीची कमाल मर्यादा, २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड, तेथल्याच पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी आहे. परदेशी विद्यार्थ्यांना आणि एम.एस्सी.ला अशी मर्यादा नसल्यामुळे आपल्या मुलांकडून पूर्ण फी घेतली जाते. सल्लागाराला अनेकदा प्रवेशामागे विद्यापीठाकडून दलाली मिळते, म्हणून त्याचा शब्द अखेरचा समजू नये. त्याच विषयाच्या चार-पाच विद्यापीठांची फी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर पाहून तुलना करावी.

फीखेरीज व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे आणि व्हिसा वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर जादा महिन्यांसाठी त्यात भर पडते. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. मध्ये एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ही रक्कम लंडनसाठी जास्त असते. पोर्ट्समथ विद्यापीठाने पूर्व लंडनमधील वॉल्थमस्टो येथेही शाखा काढली आहे, तेव्हा प्रवेशपत्रावर कोणती जागा लिहिली आहे ते नीट वाचूनच आकडा धरावा.

प्रश्न : एक वर्षाची इंग्लंडची एम.एस्सी. भारतात धरली जाते का? आणि शिक्षणानंतर तेथे राहता येते का?
— एक विद्यार्थिनी, रावपुरा, बडोदे

उत्तर : जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला आणि एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीचा अडलेला प्रश्न त्यातून सुटला. मात्र अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, विधी यांसारख्या व्यावसायिक पदव्या त्या कराराबाहेर आहेत. त्यांच्यासाठी संबंधित भारतीय परिषदेचे नियम पाहावे लागतात. पुढे प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करण्याचा विचार असेल, तर समकक्षतेचे प्रमाणपत्र परतल्याबरोबर काढून ठेवावे.

शिक्षणानंतर राहण्याच्या परवान्याची मुदत आजवर दोन वर्षांची होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती १८ महिन्यांची मिळेल, पीएच.डी. झालेल्यांची तीन वर्षे कायम राहतील. सप्टेंबरमध्ये सुरू होणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम २०२६ नंतर संपत असेल, तर अठरा महिनेच धरून चालावे आणि कर्जाच्या हप्त्यांची आखणीही त्याच हिशेबाने बँकेकडून लेखी करून घ्यावी.