कार्बनचं बॉनेट, तेही लोन काढून?

तुमचा मेल वाचला. सात वर्षांची हॅचबॅक, पावसात फांदी पडून बॉनेट चेपलं, बदलायचंच आहे तर कार्बन फायबरचं घालू का असं विचारताय, त्याचे 65,000 सांगितलेत, फायबरग्लासचे 18,000 आणि कंपनीचं पत्र्याचं पेंटिंगसकट 15,000. माझं मत सरळ आहे, पत्र्याचंच घाला.

लोन 16 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी म्हणताय ना, हप्ता साधारण 3,180 बसेल आणि एकूण 76,000च्या वर जातील. हातात एका महिन्याचा खर्चही शिल्लक नाही हे तुम्हीच लिहिलंय, चतुर्थी तोंडावर आलीय. गाडीची हौस असण्यात काहीच चूक नाही हो, पण वाचणार ते फारतर सात-आठ किलो, गोव्यात साखळी ते वेर्णा रोजच्या जाण्यायेण्यात ना पिकअपमध्ये कळणार ना पेट्रोलमध्ये.

आणि ते कार्बन नक्की कुठलं ते बघितलंत का? बरेच वेळा वर कार्बनच्या कापडाचा एकच थर असतो आणि खाली सगळं फायबरग्लास. बॉनेट उलटं करून आतली बाजू बघा, जाळीदार काळी वीण न दिसता पांढरट काचेचे धागे दिसले तर समजा की पैसे दिखाव्याचे मागताहेत. अस्सल असलं तरी वरचा पारदर्शक क्लिअर कोट आपल्या उन्हात पिवळा पडतो, परत पॉलिश नाहीतर कोटिंग आलंच, शिवाय कार्बन जिथे उघड्या लोखंडाला किंवा अॅल्युमिनियमला टेकतो तिथे खारट दमट हवेत तो धातू लवकर गंजतो, म्हणजे बिजागरीचे बोल्ट.

फायबरग्लास कार्बनपेक्षा स्वस्त वाटतं पण फिटिंग क्वचितच नीट बसतं, लॉकजवळ केसासारखे तडे जातात, आणि बॉनेट घट्ट धरणाऱ्या वेगळ्या पिन न लावता झुवारी पुलावर वेगात जाणं मला तरी धोक्याचं वाटतं. वर कंपनीचा पार्ट बदलून दुसऱ्या मटेरियलचा लावला की इन्शुरन्सवाल्यांना कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर पुढे अॅक्सिडेंट झाला तर क्लेमला अडकाल.

आता पत्र्याच्या बॉनेटसाठी क्लेम टाकायचा का? झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नसेल तर टाकू नका. सात वर्षांच्या गाडीत पत्र्यावर 40 टक्के घसारा, पेंटच्या मटेरियलवर 50 टक्के, वर 1,000 तुमच्या खिशातले, आणि एवढं करून 50 टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येणार, परत 20, 25, 35, 45 असं चढत 50 वर जायला पाच वर्षं. त्यापेक्षा 15,000 खिशातून द्या. पेंटरला सांगा की पुढच्या कडेला जिथे पत्रा दुमडलेला असतो त्या फटीत सीलंट आणि अँटी-रस्ट वॅक्स मारून दे, गंज तिथूनच धरतो.

हप्त्याचे ते 3,180 दर महिन्याला आरडीत टाका, वर्षाने 38,000च्या वर जमतील. तेव्हाही कार्बनच हवं वाटलं तर परत लिहा, मग रोखीचा हिशोब करू.