छोटी होडी, गळाची मासेमारी: वाचकांचे प्रश्न

एकट्यादुकट्याने वल्हवायच्या छोट्या होडीतून गळ किंवा रॉड टाकणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. त्यातली निवडक पत्रं थोडी आखडून इथे घेतली आहेत. बहुतेकांना होडीला काहीतरी जोडायचं आहे. जोडण्याआधी होडीतलं वजन खाली, तळाजवळ आणता येतं का, ते पाहा, असं आमचं पहिलं सांगणं आहे.

14 फूट लांब, 80 सेंमी रुंद फायबरची होडी खाडीत वापरतो. आइस बॉक्सवर बसून गळ टाकतो. जरा वळलं तरी होडी डुलते. उलांडी (होडीच्या बाजूला दांड्यांनी जोडलेला तरंगता आधार) लावावी का? (देवगड)

उलांडीचा विचार नंतर करा, आधी आइस बॉक्सवरून खाली उतरा. त्या डब्याची उंची साधारण 40 ते 45 सेंमी असते. होडीचं स्वतःचं वजन 30 किलो आणि माणूस 70 किलोचा, म्हणजे एकूण वजनाचा मोठा वाटा तुम्हीच. तो वाटा वर गेला की होडीला स्वतःहून सरळ व्हायला जोर उरत नाही. बसण्याची उंची तळापासून 20 ते 22 सेंमीवर आणली की तीच होडी वेगळी वाटते. त्याहून खाली जाऊ नका. गुडघे छातीशी येतात, तासाभरात कंबर धरते आणि अवघडलेला माणूस सारखी चुळबुळ करतो, मग होडीही हलत राहते.

बैठकीसाठी तळाला भोक पाडू नका. आतल्या दोन्ही बाजूंना सागाच्या पट्ट्या फायबरने बसवा आणि त्यांवर 18 मिमी जाडीच्या मरीन प्लायची 28 ते 30 सेंमी रुंद फळी टेकवा. पट्टी बसवायच्या जागी आधी 60 किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण घालवा आणि ॲसिटोनने पुसा. मग 450 ग्रॅमच्या फायबरच्या मॅटचे तीन थर रेझीनमध्ये भिजवून द्या. चकचकीत पृष्ठभागावर रेझीन धरत नाही. महिन्याभरात पट्टी जशीच्या तशी सुटून हातात येते, ती याच कारणाने. घासताना तोंडाला मास्क हवाच, फायबरची धूळ फुप्फुसांना वाईट. प्लायच्या कापलेल्या कडांना रेझीनचे दोन हात दिले नाहीत, तर पाणी तिथूनच शिरतं आणि थर सुटतात.

फळीला पाठ टेकायची सोय करा. पाठ टेकली की माणूस होडीच्या मध्यरेषेवर आपोआप राहतो. आणि फळीखाली पाय अडकेल अशी अर्धवट फट ठेवू नका. होडी उलटली तर पाय सहज सुटला पाहिजे. फळीखालची जागा बंद तरी करा, नाहीतर तिथे पाय मुळीच जाणार नाहीत अशी बैठक घ्या.

आइस बॉक्स ठेवायचाच, पण पायांपुढे तळाला, दोरीने बांधून. एवढं केल्यावरही अंग झोकून मासा उचलायचा असेल, तर पुढचं उत्तर वाचा.

आमच्याकडे लाकडाची एकाच बाजूची उलांडी असते. मी पीव्हीसी पाइपची हलकी उलांडी एका बाजूला लावली, पण होडी दुसऱ्या बाजूला पूर्वीसारखीच कलते. काय चुकलं? (मालवण)

एका बाजूची उलांडी दोन कामं करते. होडी तिच्या बाजूला कलली की ती तरंगून आधार देते. उलट बाजूला कलली की तिचं वजन होडीला मागे खेचतं. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडकाही काही किलो भरतो, आणि मध्यापासून दीड मीटर लांब असल्यामुळे त्या थोड्या किलोंचाही जोर मोठा होतो. पोकळ पाइपला तरंगणं जमतं, वजन मात्र नसतं. म्हणजे तुमची उलांडी निम्मंच काम करते आहे. पाइप वापरायचा तर दोन्ही बाजूंना हवा.

माप असं धरा. 110 मिमी व्यासाचा 1.2 मीटर पाइप सुमारे 11 लिटर पाणी बाजूला सारतो. पाइपचं वजन वजा जाता आधार राहतो साडेनऊ किलोंचा. तो मध्यरेषेपासून 90 सेंमीवर असेल, तर 70 किलोचा माणूस 12 सेंमी बाजूला सरकला की हा आधार संपला. मासा उचलायला वाकलात की एवढं होतंच. 160 मिमीचा तेवढाच पाइप सुमारे 20 किलोंचा आधार देतो आणि तीच मर्यादा 25 सेंमीपर्यंत जाते. म्हणून 160 मिमीचाच घ्या. खर्च थोडा वाढतो, पण 110 मिमीची उलांडी भरवसा दाखवते आणि नेमक्या वेळी बुडते.

आडवे दांडे दोन घ्या, 50 ते 60 सेंमी अंतराने, आणि दोन्ही बैठकीच्या मागे. पुढे लावले तर वल्हं त्यांच्यावर आपटतं. तुम्ही आणि सामान आत असताना पाइपचा तळ पाण्याच्या 3 ते 4 सेंमी वर राहिला पाहिजे. दोन्ही पाइप सतत पाण्यात घासत असतील, तर होडी जड चालते. पाइपच्या पुढच्या टोकाला 45 अंशांचा एल्बो वर वळवून लावा आणि त्याचं तोंड टोपीने बंद करा. सरळ बोथट टोक लाटेत खाली घुसतं.

पाइपमध्ये पाणी शिरण्याची तक्रार बऱ्याच जणांची आहे. उन्हात पाइप तापतो, आतली हवा फुगून टोपीच्या सांध्यातून वाट काढते; मग थंड पाण्यात उतरवला की हवा आकसते आणि त्याच वाटेने पाणी आत ओढलं जातं. सॉल्व्हंट सिमेंट दोन्ही भागांना लावा, टोपी पाव फेरा फिरवून घट्ट बसवा आणि एक दिवस हात लावू नका. शिवाय आत झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या भरा, म्हणजे पाइप तडकला तरी आधार उरतो. थर्माकोल भरणार असाल तर तो सांध्यापासून दूर ठेवा, सॉल्व्हंट सिमेंट त्याला विरघळवतं. पॉलिएस्टर रेझीनही तेच करतं. इपॉक्सी करत नाही.

दांडा होडीच्या काठाला बोल्टने आवळण्यापेक्षा दोरीने बांधणं आम्हाला पसंत आहे. जुन्या होड्यांचे दांडे सुंभाने बांधतात, ते काही खिळे परवडत नव्हते म्हणून नव्हे. लाटेत बांध किंचित हलतो आणि जोर पसरतो. बोल्ट हलत नाही, मग भोकाभोवतीचं फायबर तडकतं. सुंभाऐवजी 6 मिमी नायलॉन वापरा, मात्र ओला झाला की तो सैलावतो, म्हणून भिजवून बांधा.

नांगर कुठे बांधावा? काठाच्या मध्ये बांधला की गळ टाकायला बरं पडतं. (राजापूर)

काठाच्या मध्ये कधीच बांधू नका. ओढीत होडी आडवी होते, प्रवाह एका कुशीवर चढतो, दोर तीच बाजू खाली खेचतो आणि होडी पाणी घेते. सुकतीची (ओहोटीची) ओढ जोरात असताना हे घडायला काही क्षण पुरतात. नांगराचा दोर नाळेला (पुढच्या टोकाला) किंवा मागच्या टोकाला असावा.

बसल्या जागेवरून ते साधायचं, तर नाळेपासून मागच्या टोकापर्यंत काठाच्या बाहेरून 6 मिमी दोरीचा फेरा फिरवा. दोन्ही टोकांना एकेक छोटी कप्पी आणि फेऱ्यात एक स्टीलची कडी. नांगराचा दोर कडीतून सोडा, नांगर टाका, मग फेरा ओढून कडी टोकाशी न्या. दोराचं आपल्या हातातलं टोक गाठ मारून बांधू नका, दातेरी खुंटीत अडकवा, म्हणजे एका झटक्यात सुटेल. त्या टोकाला बोया ठेवा. बार्ज किंवा ओंडका अंगावर आला तर दोर सोडून द्यायचा आणि नंतर बोया शोधायचा. सुरी हाताशी असावी.

या होडीला चार नख्यांचा दीड ते दोन किलोचा नांगर पुरतो, पण त्याला मीटरभर साखळी जोडा. साखळीने ओढ आडवी राहते आणि नख्या चिखलात रुततात. दोर खोलीच्या पाचपट सोडा, आणि ही खोली भरतीची धरा. मुंबई–रायगडकडे उधाणाला पाणी 4 मीटरहून अधिक चढतं, सिंधुदुर्ग–गोव्याकडे साधारण 2 ते 2.5 मीटर. भांगेच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) दिवसांत फरक कमी असतो. पाणी थबकून उलट वाहू लागण्याआधी नांगर उचलून पुन्हा टाका. होडी फिरली की दोर उलांडीखाली अडकतो.

खडकाळ तळ असेल तर साखळी नांगराच्या बुडाशी जोडा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीने बांधा. नांगर अडकला तर जोराने ओढल्यावर सुतळी तुटते आणि नांगर उलट्या दिशेने सुटून येतो.

16 फुटी दोन आसनी कनू तळ्यावर एकटाच वापरतो. मागच्या आसनावर बसलं की पुढचं टोक हवेत जातं आणि वारा ते फिरवतो. पुढे दगड ठेवू का? (टोरंटो)

दगड नको. पुढच्या आसनावर मागे तोंड करून बसा. मागचं टोक आता तुमचं पुढचं टोक झालं. ते आसन मध्याच्या जवळ असल्यामुळे होडी बरीच सपाट बसते. मधली आडवी पट्टी पायांच्या आड येत नाही ना, ते मात्र पाहा. उरलेलं वजन साधायला 20 लिटरचा पाण्याचा कॅन पुढे ठेवा. उलटलात तरी गोड्या पाण्यात तो बुडवणारं ओझं होत नाही. दुहेरी वल्हं वापरत असाल तर 240 ते 260 सेंमीचं घ्या, कायाकचं आखूड वल्हं इथे काठावर आपटतं.

रॉड ठेवायला काय करावं? पाय आपटले की मासे पळतात, हे खरं का? (पणजी)

खरं आहे. फायबरच्या तळावरचा ठोका पाण्यात लांब जातो. तळाला 6 ते 10 मिमी जाडीची इव्हीए (मऊ फोमची) मॅट अंथरा. पायही घसरत नाहीत. चोणक माशासाठी किनाऱ्यालगत खारफुटीत थांबणार असाल, तर मॅट आधी घ्या, बाकी नंतर. रॉडसाठी 40 मिमी पाइपचे 25 सेंमीचे तुकडे बैठकीच्या पुढे, हात लांबवून पोचतील असे बांधा. पाठीमागे लावलेल्या रॉडला मासा लागला की अंग पिळून वळावं लागतं, आणि होडी कलते ती तेव्हाच. प्रत्येक रॉडला पातळ दोरीचा फास असू द्या.

होडी पाण्याने भरली तर बुडेल का? (अलिबाग)

फायबर पाण्याहून जड असतं, त्यामुळे आत हवा कोंडलेली जागा नसेल तर बुडेल. 30 किलोची नुसती होडी तरंगती ठेवायला सुमारे 11 लिटर फोम लागतो. धरून राहायला आधार हवा असेल, तर 50 लिटर धरा: निम्मा नाळेत, निम्मा मागे. सगळा एकाच टोकाला भरलात तर होडी उभी राहते. डब्यातला फवारायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम उघडा ठेवू नका, तो हळूहळू पाणी पितो. बंद पेशींच्या फोमच्या लाद्या बसवून वरून फायबरचा पडदा द्या. सामान भरल्यावर काठ पाण्यापासून किमान 15 सेंमी वर राहिला पाहिजे. लाइफ जॅकेट अंगावर, बैठकीखाली नव्हे. पाणी उपसायला कापलेला पाच लिटरचा कॅन दोरीने बांधून ठेवा, सुटा ठेवलात तर होडी भरताना तोच आधी वाहून जातो.