मॅडम म्हणायला लागलेत, आता जप

चि. गायिकाबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डेमो ऐकला. आधी मोबाईलवर, मग स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर, आणि शेवटी रात्रीच्या ठाणे लोकलमध्ये हेडफोन लावून. मला गाणं लोकलमध्येच ऐकायचं असतं, कारण लोक तिथेच ऐकतात. शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. तुझी 'लाख नजरा माझ्यावरी, एक ना माझी' ही ओळ आली तेव्हा वाटलं, याला उठवून ऐकवली तर काय म्हणेल? म्हणेल, 'बरं आहे की मग! लाख आहेत ना?' आणि पुन्हा झोपेल.

चाल छान आहे. आवाजाबद्दल तुला नव्याने काही सांगायला नको, ते काम आता तुझे फॉलोअर्स रोज करतात. माझं भांडण शब्दांशी आहे, आणि थोडं शब्दांमागच्या समजुतीशी.

तू लिहिलंस की मायकेल जॅक्सनचं 'स्ट्रेंजर इन मॉस्को' सध्या सतत ऐकतेयस आणि मराठीत तसं काही करायचंय. निवड उत्तम. पण त्यातून तू नेमकं नको ते उचललंस. तू उचललास पाऊस, उचललेस ते लांबवलेले कॉर्ड, आणि 'मी इतका मोठा तरी एकटा' हा भाव. हा तिसरा भाव त्या गाण्यात तुला वाटतो तितका नाहीच. नीट ऐक.

1993 चा सप्टेंबर. डेंजरस टूर मॉस्कोला पोचली होती. त्याआधी महिनाभरच त्याच्यावर एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप जाहीर झाला होता आणि जगभरच्या पेपरांना दुसरा विषय नव्हता. 15 सप्टेंबरला लुझ्निकी स्टेडियमवर भर पावसात शो झाला. गाणं लिहिलं गेलं ते त्या मुक्कामात. (त्या आरोपांचं काय, असं तू विचारशील. माणूस दोषी होता की नव्हता हे त्याच्या गाण्यावरून ठरवू नये, आणि गाण्याची बांधणी शिकायला त्या निकालाची वाट बघू नये, एवढंच म्हणतो.) 1995 मध्ये ते 'हिस्ट्री' या अल्बममध्ये आलं आणि 1996 च्या नोव्हेंबरात सिंगल म्हणून. बरोबर त्याच सुमारास, म्हणजे 1 नोव्हेंबर 1996 ला, स्वारी आपल्या अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवर होती! तुझा जन्मही झाला नव्हता. विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून ओवाळलं होतं, 'मातोश्री'वर जाणं झालं होतं, त्याला बघायला सगळी मुंबई रस्त्यावर आली होती. त्या दौऱ्यात तो हे गाणं गात असे. समोर एवढा जनसमुदाय आणि ओठावर हे गाणं. कुणालाही वाटेल की याची सगळी गंमत त्या विरोधातच आहे.

पण बांधणी बघ. सुरुवातीला पाऊस पडतो. ठेका त्याने स्वतःच्या तोंडाने वाजवलेल्या बीटबॉक्सवरून बांधलाय, म्हणजे ड्रमरसुद्धा सोबतीला नाही. कडव्यांमध्ये आवाज खाली, जवळजवळ बोलल्यासारखा. दाखवणेगिरी शून्य. ज्या गळ्याकडे वाट्टेल त्या हरकती होत्या, तो गळा इथे हात बांधून उभा आहे. भडका उडतो तो फार उशिरा, आणि तोवर आपण त्याची वाट बघून थकलेलो असतो, म्हणून तो लागतो. शेवटी एक रशियन आवाज येतो, चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासारखा, आणि गाणं संपतं. सगळं मिळून साडेपाच मिनिटांच्या वर. तुझ्या डेमोत पहिल्या वीस सेकंदांत तीन मुरक्या आहेत. परीक्षक समोर बसलेत अशी गातेस. बसलेले नाहीत गं कुणी.

आता मुख्य गोष्ट. त्याचं धृपद हे विधान नाहीये, प्रश्न आहे. आपण एकटे असलो, आतून गारठलेलो असलो की कसं वाटतं, असं तो विचारतोय, आणि विचारतोय ऐकणाऱ्याला. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मायकेल जॅक्सन असावं लागत नाही. निक ब्रँटने केलेला त्याचा कृष्णधवल व्हिडिओ बघ, आजच बघ. त्यात स्टेज नाही, चाहते नाहीत, कॅमेऱ्यांचे फ्लॅश नाहीत. एक शहर आहे, संथ गतीत चाललेलं. त्यात खिडकीशी कुणी, कॉफीच्या टेबलाशी कुणी, रस्त्याच्या कडेला कुणी, अशी आपापली तुटलेली माणसं आहेत. गायक त्यांच्यातलाच एक. पाऊस येतो, आधी सगळे आडोसा शोधतात आणि मग एकेक जण आपणहून बाहेर येऊन भिजतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाने स्वतःच्या एकटेपणाचं गाणं केलं आणि व्हिडिओत स्वतःला अनोळखी माणसांच्या रांगेत नेऊन उभं केलं. प्रसिद्ध माणसाचं दुःख काही खास असतं असा दावाच नाही त्याचा.

तुझ्या गाण्यात तो दावा आहे. 'तुम्हांला काय कळणार' असा सूर आहे. माझ्या खांद्यावर झोपलेल्या त्या माणसाला गाण्यात कुठेच जागा नाही. त्याची फक्त लाखातली एक नजर तू मोजून घेतलीस.

हे मी गाण्यापुरतं म्हणत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

डेमोसोबत तू जो लांबलचक मेसेज पाठवलास, तो मला गाण्यापेक्षा जास्त आवडला. ठाण्याच्या शोचं लिहिलंयस ना? व्हॅनिटी व्हॅनमध्ये जेवण आलं, दाराशी बाउन्सर, तू एकटी जेवलीस. खिडकीतून दिसलं, बाकी सगळे वाजवणारे बाहेर ताटल्या हातात घेऊन उभ्याने जेवताहेत, कुणाचं तरी काहीतरी चाललंय, हसताहेत. आणि तुझा तो ढोलकीवाला, ज्याने तुला कायम 'ए पोरी, सम चुकली बघ' असंच म्हटलं, तो सामान आवरताना येऊन म्हणाला, 'मॅडम, निघू का?'

अगं, गाणं तिथे आहे! 'लाख नजरा' हवेत कशाला? 'मॅडम, निघू का' यात सगळं आलं. आणि हे कुणालाही लागेल. प्रमोशन मिळालेल्या क्लार्कला लागेल, ज्याच्या टेबलापाशी आता चहाच्या वेळी कुणी थांबत नाही. लग्न होऊन माहेरी आलेल्या मुलीला लागेल, जिला आई अचानक पाहुण्यांच्या कपात चहा देते.

तो मॅडम म्हणाला याचं तुला वाईट वाटलं, ठीक. पण तू काय उत्तर दिलंस ते मेसेजमध्ये नाही. मला ते हवंय. कारण माणसं एका दिवसात लांब जात नाहीत. ती एकदा अदबीने बोलून बघतात. आपण चालवून घेतलं की तीच रीत होऊन बसते. मग सम चुकली तरी कुणी सांगत नाही. मला तुझ्याबद्दल काळजी वाटते ती इथे. ट्रोल तुझं काही बिघडवणार नाहीत. 'अप्रतिम मॅडम' म्हणणारे बिघडवतील.

भगवानदादा माहीत आहेत का तुला? 'अलबेला'वाले, भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा पोर. 1951 साली त्या सिनेमाने आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांनी देश नाचवला. जुहूला बंगला झाला, दारात गाड्या झाल्या. मग पुढचे सिनेमे पडले, सगळं विकलं गेलं आणि दादा दादरच्या चाळीत राहायला आले. सोबत फिरणारी बहुतेक मंडळी पांगली. तरी स्वतः सी. रामचंद्र, नट ओमप्रकाश, गीतकार राजेंद्र कृष्ण ही माणसं चाळीत येऊन त्यांना भेटत राहिली, असं सांगतात. गणपतीच्या मिरवणुकी त्यांच्या चाळीपुढे थांबायच्या आणि 'भोली सूरत' वाजायचं, असंही दादरचे जुने लोक सांगतात. 2002 मध्ये गेले ते. मी ही गोष्ट 'बघ, प्रसिद्धी क्षणभंगुर असते' वगैरे सांगायला काढलेली नाही. ते तुला कोणताही रिक्षावाला सांगेल. मला रस आहे त्या दोन-तीन नावांत. ती नावं चांगल्या दिवसांत जोडलेली होती, आणि हाताखालचे लोक म्हणून नव्हे, बरोबरीचे म्हणून. ती चाळीच्या जिन्यावर नव्याने भेटत नसतात.

याउलट सुरैया, जुन्या हिंदी सिनेमातली गाणारी नटी. मरीन ड्राइव्हच्या कृष्ण महलखाली तिला नुसतं बघायला गर्दी व्हायची. 1963 नंतर तिने सिनेमा सोडला आणि 2004 मध्ये जाईपर्यंत जवळजवळ सगळा काळ त्याच घरात राहिली, शेवटची वर्षं बरीचशी एकटीच. तिचं तिने ठरवलं असेल, तिच्या आयुष्यावर मी शेरा मारणार नाही. फक्त पुढच्या वेळी मरीन ड्राइव्हला रील शूट करायला जाशील तेव्हा त्या इमारतीकडे एकदा मान वर करून बघ.

आता तुझ्या मॅनेजरबद्दल. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण 'तू फक्त गा, बाकी सगळं आम्ही बघतो' हे त्याचं वाक्य तू कौतुकाने लिहिलंस आणि माझ्या पोटात गोळा आला. 'बाकी सगळं' म्हणजे काय, ते विचार. वादकांचे फोन कोण घेतं? त्यांचे पैसे कधी दिले जातात? तुझ्या नावाने कुणाला 'मॅडम बिझी आहेत' सांगितलं जातं? अशा सोयींतूनच माणसाभोवती भिंत उभी राहते, आणि आत बसलेल्याला ती एसीची गार हवा वाटते. वादकांचे फोन स्वतः घे. पैसे मिळाले का, हे शोनंतर स्वतः विचार. त्रास होईल. होऊ दे.

आणि गाणं तुझं आहे, शब्द तुझे, चाल तुझी, तेव्हा आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घे आणि गाणं तिथे नोंदव. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीच्या हक्काला चांगलं संरक्षण दिलंय. त्याच्या विरुद्ध जाणारं कलम कुणी करारात घातलं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. हे कोरडं वाटेल, पण ज्याला स्वतःच्या गाण्याचा हिशेब कळतो त्याला 'बाकी सगळं' कुणावर सोपवावं लागत नाही.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. तू लिहिलंस की आईचा फोन आला की 'शूटवर आहे' सांगतेस आणि खोलीत लाईट बंद करून पडून राहतेस. एखाद्या दिवशी असं होतं, सगळ्यांचं होतं. पण आठवडेच्या आठवडे असं चाललं असेल, झोप उडाली असेल, तर ते गाण्याचं कच्चं सामान समजून साठवत बसू नकोस. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, 14416, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. किंवा सरळ डॉक्टरकडे जा, मी सोबत येतो. दुःखात राहिलं की गाणी चांगली होतात, ही आपल्या धंद्यातली सर्वांत महागडी थाप आहे. चांगली गाणी दुरुस्त्या करून होतात.

तर दुरुस्त्या. काळी पाचच्या पट्टीत गातेयस, ती एक पायरी खाली आणून काळी चार कर. कडवं तुझ्या बोलण्याच्या पट्टीत यायला हवं, मग हरकती घ्यायचा मोहच होणार नाही. पहिल्या कडव्यातला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, काढून टाक. एकटेपण दाखवायला सगळे रिव्हर्ब वाढवतात, पण बंद खोलीत आवाज घुमत नाही, उलट कोरडा आणि अगदी कानाशी येतो. मागे लांबत राहणारा कीबोर्डचा पॅड ठेव, स्ट्रिंग्ज काढ. पाऊस काढ, तो त्याचा आहे. त्याऐवजी तुझ्या खोलीत रात्री काय ऐकू येतं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून आण. पाण्याची मोटर असो, शेजारचा टीव्ही असो, काहीही चालेल. धृपद प्रश्नार्थी करून बघ, पण तुझा प्रश्न हवा, उसना नको. आणि 'लाख' हा आकडा गाण्यात कुठेही नको.

शनिवारी दुपारी तीननंतर स्टुडिओ मोकळा आहे. मॅनेजरला आणू नकोस. ढोलकीवाल्याला तूच फोन कर, माझ्याकडून निरोप देऊ नकोस. या गाण्यात ढोलकी नाही हे मला माहीत आहे, त्यालाही कळेल. त्याला नुसतं ऐकायला बोलाव, आणि गाऊन झाल्यावर तो काय म्हणतो ते मला ऐकायचंय. आणि वेव्ह फाईल पेनड्राइव्हवर आण. मागच्या वेळी व्हॉट्सॲपवर पाठवलेलीस, निम्मा आवाज रस्त्यातच गळाला होता.

तुझा,
काका