चाऱ्यासाठी पहिला ट्रॅक्टर

प्रश्न : चार एकर लसूणघास आणि मारवेल आहे. कापून, वाळवून गठ्ठे विकायचे आहेत. २५ एचपीचा ट्रॅक्टर पुरेल का? – एक शेतकरी, सिन्नर (जि. नाशिक)

उत्तर : कापणी आणि ट्रॉलीला पुरेल. अडतं ते बेलरपाशी, म्हणजे चारा दाबून गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रापाशी. चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरला साधारण ३५ ते ४५ एचपी लागतात. चार एकरांसाठी बेलर घेऊच नका. ट्रॅक्टरसकट भाड्याने बोलवा.

स्वतःच बेलर चालवायचा असेल, तर आधी क्लच पाहा. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की चाकांबरोबर पीटीओही (जोडलेलं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) थांबतो. कापलेल्या चाऱ्याची जाड ओळ आली, ट्रॅक्टर थांबवला, की बेलरच्या तोंडात चारा घट्ट बसतो. ड्युअल क्लचमध्ये पेडल अर्धं दाबलं की फक्त चाकं थांबतात. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतच राहतो आणि चारा आत ओढला जातो. तरीही अडकला, तर पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद केल्याशिवाय हात घालू नका, कळकळीची विनंती.

जुना ट्रॅक्टर घेत असाल, तर इंजिन थंड असतानाच पोहोचा, स्टार्ट समोर करायला लावा. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. भकाभक धूर आला तर इंजिनच्या आतल्या रिंगा किंवा लायनर झिजलेत. तो सौदा सोडा.