प्रजातीची नोंद वेगळी, झाडाची नोंद वेगळी

प्रश्न : माझ्याकडे ४२ बोन्साय आहेत आणि त्यांच्या नोंदी मी एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. एका जुन्या ब्लॅक पाइनची कुंडी २ वर्षांऐवजी ४ वर्षांनी बदलायचे ठरवले, म्हणून प्रजातीच्या नोंदीतील आकडा बदलला. त्यानंतर त्याच प्रजातीच्या ३ लहान रोपांची यंदाची कुंडीबदलाची आठवणच नाहीशी झाली. आता प्रत्येक झाडासाठी स्वतंत्र प्रजाती तयार करावी का?

उत्तर : तसे करू नका. प्रजातीच्या नोंदीतील आकडा आधी पुन्हा २ करा आणि मग जुन्या झाडाची स्वतःची नोंद उघडून तेथे ४ लिहा. अशा सॉफ्टवेअरमध्ये साधारणपणे नोंदींचे दोन थर असतात. प्रजातीच्या नोंदीत सर्वसाधारण माहिती असते. झाडाच्या नोंदीतील रकाना रिकामा असला, तर तेथे ही सर्वसाधारण माहिती आपोआप लागू होते आणि रकाना भरलेला असला, तर झाडाचे स्वतःचे मूल्य वरचढ ठरते. आपण वरच्या थरातील आकडा बदललात, त्यामुळे ज्या रोपांचे रकाने रिकामे होते त्या सर्वांनी तो निमूटपणे स्वीकारला. सॉफ्टवेअरने सांगितलेले काम चोख केले, एवढेच.

कोणती माहिती कोठे लिहावी, हे ठरवण्यासाठी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : उद्या याच प्रजातीचे आणखी एक रोप आणले, तर ही गोष्ट त्यालाही लागू पडेल का? आपल्याच ब्लॅक पाइनचे पाहा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याचे नवे कोंब काढून टाकले की त्याच हंगामात दुसरी फूट येते आणि तिच्या सुया, म्हणजे सुईसारखी पाने, आखूड राहतात. हा त्या प्रजातीचा स्वभाव आहे, म्हणून ते काम प्रजातीच्या नोंदीत शोभते. परंतु गेल्या वर्षी मुळे छाटल्यामुळे एखादे झाड अशक्त झाले असेल आणि यंदा त्याचे कोंब काढायचे नसतील, तर ती सूचना केवळ त्या झाडाच्या नोंदीत जावी. याउलट जपानी व्हाइट पाइनला अशी दुसरी फूट भरवशाने येत नाही, त्यामुळे त्याचे कोंब या पद्धतीने काढत नाहीत. या दोघांना ‘पाइन’ अशा एकाच नोंदीखाली कोंबणाऱ्याला सॉफ्टवेअर एक दिवस व्हाइट पाइनचे कोंब काढण्याची आठवण करून देईल, आणि त्या दिवशी तो घाईत असला तर झाडाचे नुकसान ठरलेलेच.

काही सॉफ्टवेअरमध्ये झाडागणिक वेगळे मूल्य लिहिण्याची सोयच नसते. अशा वेळी प्रजातीच्या नोंदीची एक प्रत काढून ‘ब्लॅक पाइन, घडणीतील’ आणि ‘ब्लॅक पाइन, मुरलेले’ अशा दोन नोंदी ठेवाव्यात. लहान, जोमाने वाढणाऱ्या रोपाची मुळे कुंडी लवकर भरतात आणि मुरलेल्या झाडाची सावकाश, तेव्हा ही विभागणी झाडाच्या अवस्थेला धरूनच होते. ४२ झाडांच्या ४२ प्रजाती केल्यात, तर पुढे एक साधी दुरुस्ती करायलाही ४२ ठिकाणी हात घालावा लागेल.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ती येथेच सांगतो. कुंडीबदलाच्या रकान्यात केवळ महिना न लिहिता ‘कळ्या फुगू लागल्यावर, पाने उघडण्यापूर्वी’ असे अवस्थेचे वर्णनही लिहावे. सॉफ्टवेअरमध्ये आयते आलेले महिने बहुधा उत्तर गोलार्धातील थंड हवामानाचे असतात. दक्षिण गोलार्धात ते सहा महिन्यांनी चुकतात आणि उष्ण प्रदेशात तर निरर्थकच ठरतात. तारखेने आठवण द्यावी, निर्णय मात्र कळी पाहूनच घ्यावा.

प्रश्न : तयार यादीत माझ्या फायकसचे नाव ‘फायकस रेट्युसा’ आहे, तर एका जाणकारांनी ते ‘फायकस मायक्रोकार्पा’ असल्याचे सांगितले. यादीतील नाव खोडून नवे लिहू का?

उत्तर : जाणकारांचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. बोन्सायच्या व्यवहारात ‘रेट्युसा’ म्हणून विकली जाणारी बहुतेक झाडे वास्तविक मायक्रोकार्पा असतात. खरी रेट्युसा ही निराळी प्रजाती आहे. तरीही तयार नोंद खोडू नका, कारण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेताना तयार यादी पुन्हा मूळ रूपात येण्याचा आणि आपली दुरुस्ती पुसली जाण्याचा धोका असतो. तिची प्रत काढा, प्रतीत योग्य शास्त्रीय नाव लिहा आणि ‘इतर नावे’ या रकान्यात जुने नावही राहू द्या, म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी झाड सापडेल. कार्मोना रेट्युसा आणि एहरेशिया मायक्रोफिला ही एकाच झाडाची नावे दोन याद्यांत दोन प्रकारे आढळतात, तेथेही हाच उपाय चालतो. झाडे नव्या नोंदीला जोडून झाल्यावरच जुनी नोंद लपवावी. आधीच काढून टाकली, तर त्यांचा इतिहास निराधार होऊ शकतो. वाणाचे नाव मात्र शास्त्रीय नावाला चिकटवू नये. ‘देशोजो’ हा जपानी मेपलचा वाण आहे, प्रजाती नव्हे. त्याला स्वतंत्र रकाना द्यावा.

प्रश्न : स्वतःचे किती रकाने वाढवावेत?

उत्तर : वर्षभरात ज्याचा शोध घ्याल, तेवढेच. माझ्याकडे एके काळी १९ होते. त्यांपैकी ‘सालीचा पोत’ हा रकाना मी एकदाही उघडला नाही. आता ५ उरले आहेत. पाण्याची गरज, उन्हाची गरज यांसारख्या गोष्टींसाठी मोकळ्या मजकुराऐवजी ठरावीक पर्यायांची यादी ठेवावी, नाहीतर ‘कमी’, ‘थोडे’ आणि ‘बेताचे’ हे तीन शब्द शोधताना तीन वेगळे गट होतात. रकाने बदलण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि ती यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत जतन करावी, म्हणजे मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटणार नाहीत.